बापांची पत्रे

त्या डिसेंबरात मी माझ्या मुलीचा बंद लिफाफा फोडला. एवढे एक वाक्य लिहायला मला तीन वर्षे लागली.

लिफाफ्यात तिचा प्रवेशअर्ज होता. ज्या जुन्या विद्यापीठासाठी तो भरला होता, त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी नोकरीला होतो. सकाळी मी बूट घालत असताना तिने तो माझ्या हाती दिला.

"बाबा, पोस्टात टाक हं. तिथेच जातोयस म्हणून हाताने नेऊन देऊ नकोस. इट्स वीअर्ड."

"बरं."

"आणि रिसीट आण."

मी मान डोलावली. त्या क्षणी माझ्या मनात काहीच नव्हते, असे लिहिता आले असते तर मला आवडले असते. पण लिफाफा हाती येताच तो नुसत्या डिंकाने चिकटवला आहे की वरून टेपही लावली आहे, हे मी पाहिले होते.

दोन हजार एक साली टेलिफोन यंत्रणांचे सॉफ्टवेअर लिहिणारी आमची न्यू जर्सीतली कंपनी बसली, आणि एका दुपारी आम्हा सगळ्यांना आपापले खोके भरून घरी जायला सांगण्यात आले. आठ महिने मी घरी होतो. त्यानंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपले जुने दप्तर संगणकावर आणण्याचे काम काढले आणि मला तिथे जागा मिळाली. कुणी, कुणाला, कशाबद्दल लिहिले, याची सूची तयार करणारा प्रोग्रॅम लिहिणे हे माझे काम. जुने हस्ताक्षर वाचणारे जाणकार वेगळे होते; पण त्यांच्या शेजारी बसून बसून तेही मला हळूहळू वाचता येऊ लागले.

हे कॉलेज या देशापेक्षा जुने. काही धर्मोपदेशकांनी, आपल्यासारखेच आणखी धर्मोपदेशक घडवावेत म्हणून ते काढले. सुरुवातीला एक दगडी इमारत, एक घंटा आणि लॅटिन येणारी मूठभर मुले. पुढे तिथून न्यायाधीश निघाले, सेनेटर निघाले, मंत्री निघाले, आणि त्यांनी आपले मुलगे व नातू पुन्हा तिथेच पाठवले. मुलींना तिथे दोन शतकांहून अधिक काळ दार बंद होते. काळ्या मुलांनाही फार आधी उघडले असे नाही. कॉलेजच्या जुन्या काळच्या एका अध्यक्षाच्या घरच्या मालमत्तेच्या यादीत शेवटी काही माणसांची नुसती पहिली नावे होती. ती माणसे त्याच्या मालकीची होती. माझा प्रोग्रॅम आडनावाचा रकाना रिकामा सोडू देत नसे. त्या माणसांसाठी मला तो बदलावा लागला. ते काम दहा मिनिटांचे होते, पण त्या दिवशी मी दुसरे काहीही करू शकलो नाही.

तरीही खरे सांगायचे तर मी त्या जागेच्या प्रेमात होतो. तिथे परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. प्राध्यापक पेपर वाटतो आणि निघून जातो. मुले शेवटी आपण प्रामाणिकपणे लिहिल्याची एक ओळ स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करतात. अमरावतीला आमच्या परीक्षांत भरारी पथक यायचे आणि खिडकीतून चिठ्ठ्या पडायच्या. त्यामुळे ही गोष्ट मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत असे. माझी मुलगी माझे वाक्य अर्ध्यात उचलून पूर्ण करायची.

आणि पत्रे. दप्तरात सर्वांत जास्त होती ती बापांची पत्रे. कुणी शेतकरी, कुणी पाद्री, कुणी वकील, अध्यक्षांना लिहिणारे. मुलगा अभ्यासू आहे, पण लाजाळू आहे. मुलगा वाईट संगतीत पडला, यावेळी क्षमा करावी. जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचत बसे. हळूहळू माझ्या ध्यानात आले की नुसती विनवणी करणाऱ्या बापाला दोन ओळींचे उत्तर जाई. आणि जो बाप आपल्या घराण्याच्या कष्टांची गोष्ट सांगे, त्याला पानभर. ही जागा कशाने विरघळते ते आपल्याला कळले, असे मला वाटू लागले. या ज्ञानाचा मी जो उपयोग केला, तोच माझा गुन्हा.

अर्जाच्या आधी, नोव्हेंबरात, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे जेवण होते. त्या घरचे काका मूळ पुण्याचे. त्यांचा मुलगा मॅसॅच्युसेट्समधल्या तितक्याच जुन्या विद्यापीठात शिकत होता. आमच्या त्या उपनगरात घर घेतानाच माणसे शाळा बघत, आणि शाळा बघताना ती मुले पुढे कुठे जातात ते बघत. तेव्हा जेवणात दुसरा विषय निघणे शक्य नव्हते.

"तुमचं काय बुवा, घरचंच कार्य!" काका मला म्हणाले.

"माझा काय संबंध? मी तळघरात बसतो."

"अहो, किल्ल्याची चोरवाट तळघरातूनच असते."

सगळे हसले. काकू माझ्या मुलीला म्हणाल्या, "स्ट्रगल लिही गं. इथे स्ट्रगल फार चालतो."

"काकू, माझा बिगेस्ट स्ट्रगल म्हणजे स्कूलमध्ये पार्किंग मिळणं."

पुन्हा हशा. काकांनी विचारले, "मग लिहिलंस तरी कशावर?"

"व्हायोलिन."

"वा! ऑर्केस्ट्रात फर्स्ट चेअर?"

"लास्ट."

काकांनी भाताकडे पाहिले आणि वाटी पुढे केली. "आमटी घे," ते म्हणाले. त्यांनी चेष्टा केली असती तर मी सहन केली असती. त्यांना तिची दया आली होती, आणि ती मला सहन झाली नाही.

लिफाफा माझ्या टेबलावर दुपारपर्यंत पडून होता. जेवणाच्या सुट्टीत मी खोलीचे दार लावले आणि तो फोडला.

तिचा निबंध दोन पानांचा होता. शाळेच्या वाद्यवृंदात आपण चार वर्षे शेवटच्या खुर्चीवर आहोत, एकही खुर्ची पुढे सरकलो नाही, असे तिने पहिल्याच ओळीत लिहिले होते. शेजारणीसाठी स्वरलिपीची पाने उलटण्याचे काम आपल्याकडे असते, आणि त्यासाठी दर वेळी आपले दोन सूर गाळावे लागतात. पुढे सगळ्यांच्या पाठी दिसतात. पाठ बघून कोण घाबरले आहे ते आपल्याला कळते. असे पुष्कळ होते. आज मला तो निबंध जवळजवळ पाठ आहे. त्या दिवशी मला त्यात एकच शब्द दिसला: शेवटची.

त्याच्या जागी मी तिच्या आजोबांवर लिहिले. माझे वडील अमरावतीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, याची नोंद ते तीस वर्षे ठेवत आले. मी त्यांना खेडेगावातले शिक्षक केले. कडुलिंबाखाली शाळा भरवली. पावसाळ्यात नाला ओलांडून मुलांना खांद्यावरून आणायला लावले. इंग्रजी मुद्दाम सतरा वर्षांच्या मुलीचे ठेवले, एकदोन ठिकाणी थोडे अडखळणारेही. ते लिहिताना मला आनंद होत होता, हेही इथे नोंदवले पाहिजे.

अर्जाच्या शेवटच्या पानावर, वरील सर्व मजकूर माझाच आहे, या ओळीखाली तिची सही होती. ते पान मी जसेच्या तसे ठेवले. सहीला हात लावायचा नाही इतका विवेक आपल्यात शिल्लक आहे, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. वस्तुतः त्या सहीवाचून माझे काम अडले असते. नव्या लिफाफ्यावर पत्ता लिहून मी तो पोस्टात टाकला आणि घरी जाऊन तिला पावती दिली. तिचा निबंध माझ्या खणात राहिला. तो फाडून टाकण्याचा धीर मला झाला नाही.

फेब्रुवारीत तिला मुलाखतीचे बोलावणे आले. गावोगावचे माजी विद्यार्थी अर्जदारांना घरी बोलावून गप्पा मारतात, अशी तिथली जुनी पद्धत. हे गृहस्थ सत्तरीचे होते आणि आमच्यापासून दहा मैलांवर राहत. मी तिला गाडीतून घेऊन निघालो. दहा मैल म्हणजे वीस मिनिटे. सांगायला भरपूर वेळ.

"निबंधाबद्दल विचारतील का ते?" मी विचारले.

"मे बी. विचारू देत, मी लिहिलाय ना." ती आरशात केस बघत होती. "तू का इतका नर्व्हस आहेस? इंटरव्ह्यू माझा आहे."

एक सिग्नल गेला. दुसरा गेला. प्रत्येक सिग्नलला मी ठरवत होतो की पुढच्या सिग्नलला सांगू. मग त्यांची गल्ली आली, दुतर्फा बर्फाचे ढीग, आणि ती दार उघडून उतरलीसुद्धा. "इंजिन चालू ठेव, गारठशील," म्हणाली.

पन्नास मिनिटे मी त्या बंद दाराकडे पाहत होतो. आत ते गृहस्थ तिला कडुलिंबाबद्दल विचारत असतील. ती गोंधळून पाहत असेल. ते चष्मा काढून कागद पुन्हा वाचत असतील. खाली उतरून दारावरची बेल वाजवणे मला शक्य होते. मी हीटर वाढवला.

ती हसत बाहेर आली. "ही वॉज सो स्वीट! कुत्रा दाखवला. व्हायोलिनबद्दल बोललो आम्ही."

"आणि निबंध?"

"त्यांच्याकडे एसे पाठवतच नाहीत, बाबा. फक्त नाव आणि स्कूल."

मला इतके हलके वाटले की मी तिला वाटेत आइस्क्रीम घेऊन दिले, फेब्रुवारीत. त्या हलकेपणाची मला आज जेवढी लाज वाटते, तेवढी लिफाफा फोडल्याचीही वाटत नाही.

मार्चच्या अखेरीस, एका शनिवारी, प्रवेश मिळाल्याचे जाड पाकीट आले. ती जिन्यावरून ओरडत खाली आली. बायको कणीक मळत होती, ती तशाच हातांनी तिला बिलगली. छापील पत्राखाली कुणीतरी निळ्या शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या. मुलीने त्या मोठ्याने वाचल्या: कडुलिंबाखाली भरणाऱ्या तुझ्या आजोबांच्या शाळेने आम्हा सर्वांना खिळवून ठेवले, त्यांच्या नातीची आम्ही वाट पाहत आहोत.

"कुठली शाळा?" ती म्हणाली. "आजोबा तर बस डेपोत होते ना?"

"डेपोतच होते," बायको म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिले.

मी बोलायच्या आतच मुलीचा चेहरा उतरत गेला. "ओ माय गॉड. दे मिक्स्ड अस अप."

"कुणाला?"

"दुसरी कुणीतरी इंडियन मुलगी आहे, आई. सेम लास्ट नेम असेल. तिचे आजोबा टीचर होते. ही सीट तिची आहे. तिला आज रिजेक्शन गेलं असेल, माझ्यामुळे!" तिने पत्र टेबलावर ठेवले, ते आपले नसल्यासारखे. "मी सोमवारी नऊ वाजता फोन करणार."

ती वर गेल्यावर बायकोने कणकेचे हात धुतले. "तुम्ही सांगता, की मी?"

"तुला कसं कळलं?"

"बाबांना शिक्षक करायची हौस या घरात आणखी कुणाला आहे?"

मी सांगेन म्हणालो. आणि तरीही शनिवार गेला. मुलगी जेवायला खाली आली नाही. मैत्रिणींचे अभिनंदनाचे फोन तिने घेतले नाहीत. रविवारी सकाळी तिने विचारले, "तिला वेगळ्या कॉलेजची डेडलाइन असेल ना? मी आजच ईमेल करायला हवा का?" जी मुलगी अस्तित्वातच नव्हती, तिच्यासाठी माझी मुलगी व्याकूळ झाली होती, आणि मी समोर बसून चहा पीत होतो.

दुपारी तिच्या खोलीबाहेरून जाताना तिचा आवाज ऐकू आला. सोमवारच्या फोनवर काय बोलायचे, त्याची ती तालीम करत होती. "सॉरी, मला वाटतं तुमच्याकडून चूक झाली आहे," हे वाक्य ती इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणत होती. दर वेळी ते आणखी नम्र करत. मी दार ढकलले.

"दुसरी मुलगी नाही," मी म्हणालो.

"मीन्स?"

"तुझा लिफाफा मी फोडला होता. तो निबंध मी लिहिला."

"म्हणजे कुणाची सीट गेली नाही?"

"नाही."

तिने श्वास सोडला. पहिल्यांदा तिला हायसेच वाटले, हे मी पाहिले. मग ती हळूहळू माझ्याकडे वळली.

"माझा कुठाय?"

"माझ्या खणात."

"वाचलास तू?"

"वाचला."

"सगळा?"

"हो."

"आणि सगळा वाचून तू तो काढलास."

मला भीती वाटली, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "भीती मला वाटायला पाहिजे होती, बाबा. मला वाटत नव्हती." थोड्या वेळाने तिने एवढेच सांगितले की फोन ती करणार नाही. मी जायचे.

सोमवारी मी तिचा निबंध घेऊन प्रवेश कार्यालयात गेलो. माझ्या इमारतीपासून ते पाच मिनिटांच्या वाटेवर होते. माझ्याच वयाच्या एक बाई समोर बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. पढवलेल्या मुलासारखे, न थांबता. मुलीला यातले काहीच ठाऊक नव्हते, हे मी तीनदा सांगितले असावे. त्यांनी तिचा निबंध माझ्यासमोरच वाचला, आणि दुसऱ्या पानावर एकदा थांबून मागे जाऊन काहीतरी पुन्हा वाचले.

"हा तुम्ही का बदललात?" त्यांनी विचारले. प्रश्नात राग नव्हता. खरोखरच त्यांना समजत नव्हते.

मी काय उत्तर दिले ते मला आता आठवत नाही.

दहा दिवसांनी पत्र आले. ज्या मजकुराखाली सही होती तो अर्जदाराचा नव्हता, जागा सर्व भरल्या आहेत, तेव्हा प्रवेश मागे घेण्यावाचून इलाज नाही; तिचा प्रामाणिकपणा आणि तिचा स्वतःचा निबंध यांबद्दल आदर आहे. ते पत्र अन्याय्य नव्हते. पर्यवेक्षकाविना चालणाऱ्या त्या परीक्षांचे मी ज्या तोंडाने कौतुक करत असे, त्याच तोंडाने आता तक्रार करणे मला शक्य नव्हते. माझी नोकरी राहिली. वरिष्ठांनी मला बोलावून थोडक्यात समज दिली. कामावर परतलो तेव्हा एक गोष्ट मला प्रथमच दिसली: त्या हजारो पानांत मुलांची पत्रे जवळजवळ नव्हतीच. त्या मुलांना तिथे यायचे होते की नव्हते, ती लाजाळू होती की नुसती गप्प, हे आम्हाला फक्त त्यांच्या बापांकडून ठाऊक आहे. मी पाच वर्षे ती सूची करत होतो आणि हे माझ्या लक्षात आले नव्हते.

मुलीने राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला. घरात ती माझ्याशी बोलत असे. गाडीची किल्ली, दूध, धुण्याचे यंत्र याबद्दल. त्याहून जास्त नाही.

जूनमध्ये त्याच काकांच्या अंगणात पावभाजी होती. दहाबारा कुटुंबे जमली होती. मुलगी तव्याजवळ उभी राहून पाव भाजायला मदत करत होती.

"काय गं," काका म्हणाले, "मिळालेली ॲडमिशन गेली म्हणे? खरं का?"

"हो काका. ॲप्लिकेशनमध्ये मिस्टेक झाली."

"कसली मिस्टेक?"

"राँग एसे गेला."

"राँग एसे?" काकू पुढे आल्या. "अगं, असं कसं? एवढं मोठं कॉलेज! जरा लक्ष द्यायचं ना, राणी. बाबांना किती वाईट वाटलं असेल."

"हो ना," मुलगी म्हणाली आणि तिने पाव उलटला. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. एका वाक्यात तिला मला उघडे पाडता आले असते. ते न करता तिने दोष स्वतःकडे घेतला होता, आणि आजूबाजूची सगळी माणसे तिच्याकडे त्याच दयेने पाहत होती.

"निबंध मी बदलला होता," मी म्हणालो.

माझा आवाज मुळातच लहान आहे. काकूंनी "काय?" म्हणून विचारले, आणि मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावे लागले. "तिचा लिफाफा फोडून मी माझा निबंध घातला. तिला माहीत नव्हतं. तिचा चांगला होता."

तव्यावर लोणी चरचरत होते. कुणीतरी मुलांना हाका मारू लागले. काकांनी माझ्या हातातली रिकामी बशी घेतली आणि तशीच मला परत दिली.

निघताना ते गाडीपर्यंत आले. हळूच म्हणाले, "आमच्याकडेही शेवटचे दोन परिच्छेद माझेच होते. पण पोराला माहीत होतं हं. त्यानेच मागितले."

"मग तुमची गोष्ट वेगळी," मी म्हणालो. ती जास्त बरी की जास्त वाईट, ते मला ठरवता आले नाही, आजही येत नाही.

गाडी मुलगी चालवत होती.

"तू बोलायची गरज नव्हती," ती म्हणाली.

"होती."

"उद्या आईला दहा फोन येतील."

"येऊ देत," मागून बायको म्हणाली. "मी उचलणार नाही."

"मग कोण उचलणार?" मुलीने विचारले. तिने आरशातून आईकडे पाहिले, मग रस्त्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन येऊ लागले. ते मी घेतले.